कागदाची गोष्ट आणि आमच्या वर्गातला कारखाना

मुलांनो, हा अंक आत्ता तुमच्या हातात आहे ना? मग पुढे वाचण्यापूर्वी एक गंमत करा. या पानाच्या कडेवरून हळूच बोट फिरवा. पान उजेडाकडे धरून बघा. कानाशी नेऊन हलवा. कसा फडफड आवाज येतो!

सकाळच्या वर्तमानपत्रापासून रात्रीच्या गृहपाठापर्यंत आपण दिवसभर कागदच हाताळत असतो. पण हा कागद होतो कसा, असा प्रश्न काही आपल्याला पडत नाही. खरं सांगू? मलासुद्धा पडला नव्हता. शिक्षिका होऊन इतकी वर्षं झाली, फळ्यावर 'क - कागदाचा' असं शेकडो वेळा लिहिलं, पण कधी थांबून विचार केला नाही. तो करायला लावला माझ्या वर्गातल्या एका मुलाने. तेव्हा आधी त्याचीच गोष्ट सांगते.

शिवलेली वही

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. एकदा गृहपाठाच्या वह्या तपासत होते. एका मुलाने वही पुढे केली. वही कसली, पानांचा गठ्ठाच तो! जाड सुईने आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला. एक पान दुरेघी, दुसरे चौरेघी, तिसरे गणिताच्या चौकटीचे. एका पानावर कुणाचे तरी अर्धवट सोडलेले भागाकाराचे उदाहरण, तर दुसऱ्यावर विमानाच्या घड्या अजून तशाच उमटलेल्या.

मी जरा चिडलेच. म्हटलं, "हे काय आणलंस? वही कुठे आहे?"

तो गप्प.

"उद्या नीट वही आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही, कळलं?"

तो मान खाली घालून जागेवर गेला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसणारी मुलगी माझ्या टेबलाजवळ घुटमळत उभी राहिली. हळूच म्हणाली, "बाई, त्याच्याकडे वही नाहीये. आम्ही विमानं करून टाकतो ना, ती पानं तो डब्यातून काढतो. घड्या मोडून सरळ करतो आणि घरी नेऊन शिवतो."

मुलांनो, मोठी माणसंसुद्धा चुकतात बरं का. त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याची आई मजुरीवरून नुकतीच आली होती, आजी चुलीपाशी होती. तो दारातच बसला होता. मी त्याला म्हटलं, "चुकलं माझं. न विचारताच रागावले तुला. उद्या शाळेत ये, आणि ती शिवलेली वही नक्की घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो आला. वही दाखवू का, असे त्याला विचारून मी ती वर्गात सगळ्यांना दाखवली. पाने मोजली. सेहेचाळीस! आणि सगळी आमच्याच वर्गातल्या वह्यांमधून फाडलेली. वर्ग अगदी चिडीचूप झाला. मग एकाने विचारले, "बाई, पण जी पानं दोन्हीकडून भरली, ती तर रद्दीच ना? त्यांचं काय होतं?"

त्यावर इतका वेळ न बोललेला तो मुलगा म्हणाला, "त्याचा परत कागद होतो. रद्दीवाले काका सांगत होते."

"कसा होतो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, "आपण शोधून काढू या." आणि मग पुस्तके चाळून आम्ही जे शोधले, ते आता तुम्हाला सांगते.

कागद नव्हता तेव्हा

कागद नव्हता तेव्हा माणसे लिहीत नव्हती का? छे! मिळेल त्यावर लिहीत होती. दगडावर कोरले, तो शिलालेख. तांब्याच्या पत्र्यावर कोरले, तो ताम्रपट. इजिप्तमध्ये नाईल नदीकाठी पपायरस नावाची लव्हाळ्यासारखी वनस्पती उगवायची. तिच्या दांड्याच्या पातळ पट्ट्या काढून एक थर उभा, एक थर आडवा असा ठेवायचा, दाबून वाळवायचा, की झाले लिहायचे पान. इंग्रजीतला 'पेपर' हा शब्द या पपायरसवरूनच आला. पण पपायरस म्हणजे काही खरा कागद नव्हे. का नव्हे, ते पुढे कळेलच. युरोपात मेंढ्या-वासरांचे कातडे कमावून त्यावर लिहीत. एक जाडजूड ग्रंथ लिहायचा तर केवढा कळप लागत असेल, विचार करा!

आपल्याकडे हिमालयाच्या बाजूला भूर्ज वृक्षाची साल वापरत. तेच भूर्जपत्र. दक्षिणेत ताडाची पाने. त्यावर टोकदार लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची आणि वर काजळी चोळायची, म्हणजे ती काळी दिसत. दक्षिणेकडच्या लिप्यांमधली अक्षरे गोल का, तर सरळ रेघ ओढली की ताडपत्र फाटायचे म्हणून, असे म्हणतात.

आता आपल्या मराठीतच बघा. पुस्तकाला 'पाने' असतात. आपण 'पत्र' लिहितो, आणि पत्र म्हणजेही मुळात पानच. झाडाचे पान गेले, कागद आला, पण शब्द तसाच राहिला! आणखी एक. तुमच्या आजीची पोथी आठवते का? आडवी, लांबट, अरुंद. असा आकार कशामुळे? ताडाचे पान तसे असते म्हणून. कागद आल्यावरही कितीतरी वर्षे पोथ्या ताडपत्राच्याच आकाराच्या होत राहिल्या. ताडपत्रांना मध्ये भोक पाडून दोरी ओवत. गुजरातेतल्या कित्येक जुन्या जैन पोथ्यांत कागदाला भोकाची गरज उरली नाही, तरी त्या जागी नक्षी काढलेली दिसते. सवय कशी असते बघा!

रेशीम महाग, बांबू जड

खरा कागद जन्मला चीनमध्ये. तिथे पूर्वी बांबूच्या चपट्या कामट्यांवर किंवा रेशमी कापडावर लिहीत. पण रेशीम महाग आणि बांबू जड. पुस्तक वाचायला न्यायचे म्हणजे ओझेच वाहायचे की! (तुमच्या दप्तराची आठवण झाली ना?)

इ. स. १०५ मध्ये हान घराण्याच्या दरबारातल्या त्साय लुन या अधिकाऱ्याने सम्राटापुढे एक नवी वस्तू ठेवली. झाडाची साल, अंबाडीसारखे तागाचे धागे, जुन्या चिंध्या आणि मासे पकडायची फाटकी जाळी, हे सगळे कुटून त्याने लगदा केला होता आणि त्या लगद्याचे पातळ थर वाळवून कागद. त्याच्याही आधीचे, इसवी सनापूर्वीचे कागदाचे तुकडे पुढे चीनमध्ये सापडले आहेत. म्हणजे कागद त्साय लुनने पहिल्यांदा शोधला असे नाही. पण स्वस्त वस्तूंपासून चांगला कागद करायची रीत बसवली ती त्याने.

गंमत म्हणजे, कागदाच्या जन्माला लागल्या त्या सगळ्या टाकाऊ वस्तू! मी हे वाचून दाखवले तेव्हा वर्गातली सगळी मुले त्या शिवलेल्या वहीवाल्या मुलाकडे बघून हसली, आणि या वेळी तोही हसला.

आता पपायरस कागद का नव्हे ते सांगते. पपायरसच्या पट्ट्या असतात तशाच एकमेकींवर ठेवतात. कागद करताना मात्र वनस्पतीचे बारीक बारीक धागे कुटून पूर्ण सुटे करतात, पाण्यात मोकळे सोडतात आणि मग जाळीवर गोळा करतात. पाणी निथळले की हे हजारो धागे एकमेकांत अडकतात. वाळताना ते इतके जवळ येतात, की डिंक नाही, गोंद नाही, तरी एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. या धाग्यांचा मुख्य घटक म्हणजे सेल्युलोज. जणू सगळ्यांनी हातात हात घालून केलेली साखळीच. आणि पाणी पडले की हे हात सुटतात. म्हणून तर ओला कागद पटकन फाटतो.

कागद प्रवासाला निघतो

ही विद्या चीनमधून कोरियाला आणि जपानला गेली. पश्चिमेकडे मध्य आशियातल्या समरकंदला पोचली. ७५१ साली तलास नदीकाठी झालेल्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांकडून ती समरकंदच्या लोकांना मिळाली, अशी गोष्ट सांगतात. तिथून आठव्या शतकाच्या अखेरीस बगदाद, पुढे इजिप्त, आणि बाराव्या शतकापर्यंत स्पेन. इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कारागिरांनी चिंध्या कुटायला पाणचक्कीवर चालणारे हातोडे लावले. कागद उजेडात धरला की दिसणारी खूण, म्हणजे जलचिन्ह, तीही तेराव्या शतकात तिथेच निघाली. तुमच्या आईबाबांना एखादी नोट उजेडात धरून दाखवायला सांगा. गांधीजींचा चेहरा दिसतो ना? तेच जलचिन्ह.

आणि मग १४५०च्या सुमारास जर्मनीत गुटेनबर्गने खिळे जुळवून छपाई सुरू केली. कागद नसता तर त्याचे यंत्र काय छापणार होते?

आपले कागदी

भारतात कागद करण्याची कला मध्य आशियातून आली. काश्मीरच्या सुलतान झैन-उल-आबिदीनने पंधराव्या शतकात समरकंदहून कारागीर आणवले. आपल्या महाराष्ट्रातही कागद व्हायचा, बरं का! 'कागद' हा शब्द फारसी 'कागज'वरून आला, आणि तो करणारे ते 'कागदी' किंवा 'कागजी'. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गावच आहे. तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लोकांबरोबर हे कारागीर आले, अशी परंपरा आहे. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, त्याचे नाव कशावरून पडले ते आता तुम्हीच ओळखा.

हे कागदी लोक काम कसे करायचे, तेही बघण्यासारखे आहे. जुने ताग, दोरखंड, गोणपाट आणि चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या. पायाने चालवायच्या ढेकीखाली कुटायच्या. नदीवर नेऊन धुवायच्या. पुन्हा कुटायच्या, पुन्हा धुवायच्या. असे कित्येक दिवस चालायचे. मग तो लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा. गवताच्या बारीक काड्या शेजारी शेजारी बांधून केलेली चटई लाकडी चौकटीवर पसरायची आणि ती हौदात बुडवून अलगद वर उचलायची. पाणी खाली गेले की चटईवर कागदाचा ओला थर! हे थर दाबून त्यातले पाणी काढायचे आणि एकेक कागद गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवायचा. शेवटी त्याला तांदळाची खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकचकीत करायचा. खळ का? नाहीतर शाई पसरते म्हणून. आणि घोटायचा का? बोरू अडखळू नये म्हणून.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतली लाखो कागदपत्रे जपून ठेवली आहेत. असा हाताने केलेला कागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही टिकून आहे. आणि आपले परवाचे वर्तमानपत्र? खिडकीत राहिले तर चार दिवसांत पिवळे! असे का बरे?

गांधीलमाशीची युक्ती

याचे उत्तर आहे गांधीलमाशीच्या घरात! युरोपात छपाई वाढली, तशा चिंध्या कमी पडू लागल्या. चिंध्या गोळा करणारे दारोदार फिरत, तरी पुरेनात. १७१९ साली रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने गांधीलमाशांचे घर नीट पाहिले. ही माशी जुन्या लाकडाचे तंतू कुरतडते, तोंडात चघळून ओले करते आणि त्याचे पातळ कागदी पापुद्रे करून घर बांधते. रेओम्यूर म्हणाला, माशी लाकडापासून कागद करते, मग माणसाला का जमू नये?

पण माणसाला ते जमायला सव्वाशे वर्षे लागली. १७९९ साली फ्रान्समध्ये लुई रोबेरने कागदाचा सलग पट्टा काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले, म्हणजे यंत्राची भूक आणखी वाढली. शेवटी १८४४च्या सुमारास जर्मनीत केलर आणि कॅनडात फेनर्टी, अशा दोघांनी एकमेकांना न कळत लाकूड घासून लगदा करायची रीत काढली. फेनर्टीने तर ऑक्टोबर १८४४ मध्ये तिथल्या एका वर्तमानपत्राला पत्र पाठवले आणि सोबत लाकडापासून केलेल्या कागदाचा नमुनाच जोडला!

लाकडाचा कागद आला आणि कागद स्वस्त झाला. वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके, वह्या सामान्य माणसाच्या घरात आल्या. पण नुसत्या घासलेल्या लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन नावाचा पदार्थही उरतो. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो. म्हणून वर्तमानपत्राचा रंग असा बदलतो.

हातकागदाची कला मात्र यंत्रापुढे मागे पडत गेली. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, त्याने ही कला पुन्हा हाती घेतली. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. अशा ठिकाणी सुती कापडाच्या चिंध्यांपासून कागद करतात. एकही झाड न तोडता!

आमचा कारखाना

एवढे सगळे समजल्यावर मुले गप्प बसतील का? "बाई, आपणही करू या!" ठरले. शनिवारचा कार्यानुभवाचा तास आमचा कारखाना झाला.

पहिल्या शनिवारी पूर्ण फजिती. रद्दी भिजवली, हातानेच कुस्करली आणि चाळणीवर थापली. सोमवारी बघतो तर काय, वाळलेल्या भाकरीचे तुकडे! हात लावला की भुगा. धागे सुटेच झाले नव्हते, तर ते एकमेकांना धरणार कसे?

दुसऱ्या शनिवारी मी घरून मिक्सर आणला. लगदा मऊ झाला, थरही छान पातळ आला. पण एका उतावळ्या मुलाने तो ओला असतानाच जाळीवरून नखाने सोलला. टर्रकन फाटला! मग कळले, की जाळीवरून कागद सोलायचा नसतो, कापडावर उलटा उतरवायचा असतो.

तिसऱ्या शनिवारचा कागद मस्त जमला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यावर नाव लिहायला मी शाईचे पेन टेकवले आणि अक्षराचा झाला डाग. शाई अशी पसरली, की 'क' कोणता आणि 'फ' कोणता कळेना. तेव्हा आमचा तो शिवलेल्या वहीवाला मुलगा म्हणाला, "बाई, पेज लावून बघू का? आजी लुगड्याला लावते, ते कसं कडक होतं!" पुढच्या शनिवारी तो घरून डबाभर भाताची पेज घेऊन आला. वाळलेल्या कागदावर त्याने ती मऊ फडक्याने पुसली, पुन्हा वाळवली आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटली. पेन टेकवले, अक्षर जागच्या जागी! जुन्या कागदी लोकांची खळ ती हीच की!

तुम्हीही करून बघा

साहित्य: एका बाजूने किंवा दोन्ही बाजूंनी लिहून झालेले वहीचे कागद (चकचकीत कागद आणि चहाचे कागदी कप नकोत, त्यांना बहुधा मेण किंवा प्लास्टिकचा थर असतो), फुटलेल्या पाटीच्या दोन सारख्या मापाच्या लाकडी चौकटी, मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, चुका, पसरट टब, जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे तुकडे, स्पंज, दोन पाट, वजनासाठी विटा किंवा जाड पुस्तके, भाताची पेज.

कृती:

१. कागदाच्या टाचण्या, स्टेपलच्या पिना काढून टाका. कागदाचे नखाएवढे तुकडे करा आणि रात्रभर पाण्यात भिजत घाला.

२. एका चौकटीवर जाळी ताणून चुकांनी ठोका. ढिली राहिली तर कागदाला पोट येते. दुसरी चौकट मोकळीच ठेवा. (चौकट नसेल तर भरतकामाच्या रिंगमध्ये जाळी ताणली तरी चालेल.)

३. मूठभर भिजलेले तुकडे आणि दोन-तीन पेले पाणी मिक्सरमध्ये घालून पातळ ताकासारखा लगदा करा. मिक्सर मोठ्या माणसांनीच चालवायचा, बरं का! आणि ओल्या हाताने बटणाला हात नको. मिक्सर नसेल तर खलबत्त्यात कुटा. वेळ लागेल, पण होईल.

४. टबात वीतभर पाणी घेऊन त्यात लगदा ओता आणि हाताने ढवळा. लगदा जास्त तर कागद जाड, कमी तर पातळ.

५. जाळीच्या चौकटीवर मोकळी चौकट ठेवा. दोन्ही घट्ट धरून टबात तिरप्या घाला, पाण्याखाली आडव्या करा आणि सरळ वर उचला. उचलताना हलकेच डावीउजवीकडे, पुढेमागे हलवा, म्हणजे थर सगळीकडे सारखा बसतो. मग पाणी निथळू द्या.

६. वरची चौकट काढा. पाटावर ओले कापड पसरा. त्यावर जाळी उलटी ठेवा, मागून स्पंजने दाबून पाणी टिपा आणि एका कडेने हळूच जाळी उचला. कागद कापडावर राहतो.

७. वर दुसरे कापड, त्यावर दुसरा कागद, अशी चवड रचा. दुसरा पाट ठेवून वर वजन ठेवा. तासाभराने कापडासकट कागद वेगळे करून सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावरच सोडवा.

८. पातळ पेज मऊ फडक्याने दोन्ही बाजूंना लावा, वाळवा आणि गुळगुळीत दगडाने किंवा वाटीच्या बुडाने घोटा.

लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, कांद्याची साले किंवा दोऱ्याचे रंगीत तुकडे घातले, तर सुंदर भेटकार्डे होतात. आणि एक महत्त्वाचे! उरलेला लगदा मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल. गाळून, पिळून, गोळा करून वाळवा. पुढच्या वेळी भिजवला की पुन्हा उपयोगी.

तीन छोट्या गमती

एक: वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडा, मग आडवे फाडा. एका दिशेने सरळ फाटेल, दुसरीकडे वाकडेतिकडे. यंत्रात कागदाचा पट्टा एकाच दिशेने धावतो, त्यामुळे बरेचसे धागे त्या दिशेने आडवे होतात. आता तुमचा हातकागद फाडा. दोन्हीकडे वाकडाच! त्यातले धागे हवे तसे पसरलेले असतात.

दोन: पेज लावलेल्या आणि न लावलेल्या कागदावर टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका. पेज असलेल्या ठिकाणी निळा-काळा रंग येईल, कारण त्यात पिष्ट आहे. मग तुमच्या वहीचा कागदही तपासा. त्यालाही कुणीतरी 'पेज' लावली आहे का? उत्तर मला नाही, तुमच्या बाईंना सांगा.

तीन: वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक नाणे ठेवून तो आठवडाभर उन्हात राहू द्या. नाणे उचलल्यावर काय दिसले?

हिशेब

आमच्या वर्गाने एक हिशेबही केला. एका तासाला आमचे सहा कागद व्हायचे. शंभर पानी वहीला लागतात पन्नास कागद. म्हणजे आठ शनिवार पुरे पडणार नाहीत, नववा लागणार. तेही इतक्या जणांनी हात लावून! फळ्यावर हे उत्तर लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विमानपटू आपली वही मिटून दप्तरात ठेवताना मी पाहिला. मी काही बोलले नाही.

लगद्याचा कागद पुन्हा पुन्हा करता येतो, पण कायम नव्हे. दर वेळी धागे तुटून आखूड होतात. साधारण पाच-सात वेळांनंतर ते एकमेकांना नीट धरू शकत नाहीत. म्हणून रद्दीपासून कागद करणे चांगलेच, पण कोरे पान रद्दीत न जाऊ देणे त्याहून चांगले.

मार्च संपताना सगळ्यांनी आपापल्या वह्यांमधली कोरी पाने काढून आणली. ढीग झाला! शिवायला कुणी शिकवले असेल, सांगा बरं? दोरा कसा ओवायचा, गाठ कुठे मारायची, हे त्याने एकेकाला दाखवले. अकरा वह्या झाल्या. त्यांना आम्ही केलेल्या हातकागदाची कव्हरे घातली आणि त्या वर्गाच्या कपाटात ठेवल्या. कपाटाला कुलूप नाही. ज्याला लागेल त्याने वही घ्यायची, कुणाला विचारायचे नाही, आणि कुणी त्याला विचारायचेही नाही, असा नियम मुलांनीच केला.

पालकांनो, वार्षिक परीक्षा झाली की घरातल्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा मुलांना जवळ घेऊन बसा. कोरी पाने वेगळी काढा. सुई-दोरा मुलांच्या हातात द्या. टाके वाकडे पडतील, पडू द्या.

आणि मुलांनो, आता पुन्हा एकदा हे पान उजेडाकडे धरा बरं. बारीक बारीक धागे दिसले का?